ऊन दाखवताना

आश्विन सरत आला की आमच्या घरात उन्हाची वाटणी होते. गच्ची गाद्यांची. अंगणातली दोरी चादरी-गोधड्यांची. पायरीवरचं ऊन कडधान्याच्या डब्यांना, आणि ओटीच्या कठड्यावर तिरपं येणारं सकाळचं कोवळं ऊन सासूबाईंच्या लुगड्यांना, कारण जरीला दुपारचं ऊन सोसत नाही असं त्या म्हणायच्या. अलिबागजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहायचं म्हणजे चार महिने सगळं दमट. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर पांढरी लव येते, कपाटात टांगलेला काळा कोट हिरवा होतो. म्हणून पाऊस गेला की घरातल्या एकेका वस्तूला ऊन दाखवायचं.

हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. आपण वस्तू उन्हात ठेवतो असं म्हणत नाही, तिला ऊन दाखवतो म्हणतो. म्हणजे बघणारी ती. चार महिने अंधारात कुबट बसलेल्या गादीला बाहेर आणून सांगायचं, बघ बाई, ऊन पडलंय.

गेल्या वर्षीच्या या वाटणीत एक पत्र्याची ट्रंक होती. माझं माहेर कुडाळ तालुक्यातलं. वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाळेत ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला मुलं बसवायची, वर्गात घडा आणि दोन कांदे मांडून वस्तुचित्र काढून घ्यायचं, गॅदरिंगला पडदा रंगवायचा, हे त्यांचं जाहीर आयुष्य. खासगी आयुष्य रविवारी सकाळी सायकलला लावलेल्या पिशवीत असायचं: जलरंगांची पेटी, दोन ब्रश, पाण्याची बाटली आणि पॅड. ते गेल्यावर भावाने घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला, तेव्हा ट्रंक माझ्याकडे आली. आत त्रेचाळीस चित्रं. मी शहाणपणा केला. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घातली, डांबरगोळ्या टाकल्या, घट्ट गाठ मारली आणि ट्रंक माळ्यावर चढवली. पावसाचा एक थेंब आत जाणार नाही याची मला खात्री होती.

थेंब गेलाच नाही. दमटपणा मी स्वतःच्या हाताने आत बांधून ठेवला होता. ऑक्टोबरात गाठ सोडली तर ओल्या गोणपाटाचा वास आला. वरच्या सात-आठ कागदांवर करड्या मखमलीसारखे टिपके होते, काहींच्या कडा कसरीने कुरतडलेल्या. मला सुचलं ते मी केलं. माझ्या आईने, तिच्या आईने केलं असतं तेच. चित्रांना ऊन दाखवलं. गच्चीवर चादर टाकून, कडांना गोटे ठेवून, दोन दुपारी. त्यातलं एक, निवतीच्या किनाऱ्यावरची संध्याकाळ, मला सगळ्यात जास्त आवडायचं. ते चांगलं खडखडीत वाळावं म्हणून पश्चिमेच्या खिडकीत काचेला टेकवून उभं केलं. मग दिवाळी आली. पाहुणे, चकल्या, भाऊबीज. तीन आठवड्यांनी पडदे धुवायला काढले तेव्हा ते मला पुन्हा दिसलं. आबांच्या आभाळातला लाल रंग उडून गेला होता.

लाल म्हणजे त्यांचा क्रिमझन. इथे आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर पाच-सात मिनिटं जो एक रंग येतो, जांभळा म्हणावा तर जास्वंदी आणि जास्वंदी म्हणावा तर राखी, तो त्यांनी निळ्या-राखाडीवर क्रिमझन ओला असतानाच सोडून काढलेला होता. आता नुसता निळा-राखाडी उरला होता. मी कोणालाही काही बोलले नाही. चित्र वहीत घालून ठेवलं.

त्याच आठवड्यात मुंबईच्या भाचीने मला फोनवर एक पत्रक पाठवलं. ‘मावशी, तुझ्यासाठी.’ फोर्टातल्या एका संग्रहालयाचा नोव्हेंबर ते मार्चचा कार्यक्रम होता. दोन मोठी प्रदर्शनं, व्याख्यानमाला, शनिवारी मुलांसाठी मातीकाम, दर रविवारी मराठीतून दालनफेरी. आणि तळाशी बारीक अक्षरांत: घरातले जुने कागद, फोटो, पोथ्या कशा सांभाळाव्यात, एक दिवसाची कार्यशाळा. पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘सीझन’ असं लिहिलं होतं.

आमच्याकडे हा शब्द रोजचाच, पण तो आंब्याला लागतो, मासळीला लागतो, पर्यटकांना लागतो. ‘यंदा सीझन कसा?’ या प्रश्नाला खोल्या किती भरल्या किंवा पेटीला भाव काय मिळाला एवढीच उत्तरं असतात. चित्रांचा सीझन कोणी म्हणत नाही. खरं तर तो असतो, आणि तो मुंबईच्या आधी लागतो. आषाढात माझ्या माहेरी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, सुरू होते. घराघरातून आपापला पाट शाळेत येऊन पडतो, मागे खडूने नाव घातलेला, कारण मूर्ती त्याच पाटावर बसणार. लहानपणी शाळा सुटली की आम्ही थेट त्या शाळेत. रांगेने बसलेले पन्नास-साठ मातकट गणपती. मग एके दिवशी सगळे पांढरे. मग पितांबर रंगलेले, तळवे रंगलेले, पण डोळे नाहीत. आम्ही विचारायचो, झाला का आमचा? मूर्तिकार मान वर न करता म्हणायचे, “डोळे रव्हले अजून. मगे बघ.” डोळ्यांची रेखणी शेवटी, ती हात स्थिर असेल त्या माणसाने, शक्यतो सकाळच्या उजेडात. आणि चतुर्थीला एका सकाळीत शाळा रिकामी. जमिनीवर नुसते रंगांचे शिंतोडे. मी पुढे बरीच प्रदर्शनं पाहिली, पण इतकी गर्दी, इतकी आस्था आणि इतका चटकन उतरलेला मांडव दुसरीकडे नाही बघितला.

तर कार्यशाळा. पावसाळ्यात आमची लाँच बंद असते, ती सुरू झाली की मुंबई पुन्हा जवळ येते. रो-रो बोट २०२० पासून भाऊच्या धक्क्याला जाते, ती पावसातही बऱ्याचदा चालते, पण मला गेटवेच लागतो. अलिबागहून बस, मांडव्याला लाँच, तासाभरात गेटवे, तिथून चालत दहा मिनिटांत संग्रहालयं, गॅलऱ्या सगळं. बोरिवलीच्या माझ्या नणंदेला जहांगीर आर्ट गॅलरी माझ्यापेक्षा लांब पडते, हे मी तिला दरवेळी ऐकवते.

चार चित्रं दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून मी गेले. लांब टेबल, त्यावर पांढरा टिपकागद, मऊ ब्रश, मास्क. आम्ही पंधरा-वीस जण. एका आजोबांनी सनदेची गुंडाळी आणली होती. एका बाईंच्या सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटून बसला होता. कोणाकडे जन्मपत्रिका, कोणाकडे लाल रुमालात बांधलेली पोथी. शिकवणारी मुलगी तिशीतली असेल. तिने माझं पहिलं चित्र हातात घेतलं आणि मला वाटलं आता ती चित्र बघेल. तिने ते उलटं केलं. “आधी पाठ बघायची,” ती म्हणाली. पाठीवर आबांची पेन्सिल: जागा, वेळ, तारीख. कोपऱ्यात कागदाच्या कारखान्याचा दाबलेला शिक्का, जो मला त्रेचाळीस चित्रं असूनही कधी दिसला नव्हता. तिने बोटाने नाही, ब्रशच्या दांड्याने दाखवलं, हे तांबूस ठिपके जुने, हे करडे या वर्षीचे.

मग तिने सगळ्यांना विचारलं, “ऊन कोणी कोणी दाखवलं?”

जवळजवळ सगळे हात वर झाले. ती हसली नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

तिने समजावलं ते असं. जलरंगाच्या चांगल्या कागदाला सरसाचं पाणी दिलेलं असतं, म्हणजे जिलेटिन, नाहीतर रंग टिपकागदासारखा आत पसरेल. बुरशीचं खाणं तेच. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीचे बीजाणू, जे सगळीकडे असतातच, ते जागे होतात. आमच्याकडे पावसाळ्यात ८५-९० सहज असतो. तेव्हा बुरशी येणं हा काही कोणाचा गुन्हा नाही, पण प्लॅस्टिकची गाठ हा आहे. कागदाला वारा हवा, पण सावलीतला. वाळला की मास्क लावून, मऊ ब्रशने, स्वतःपासून लांब, अलगद झाडायचं. डांबरगोळीने बुरशी जात नाही, वास तेवढा राहतो. आणि ऊन? तिने फळ्यावर दोन आकडे लिहिले. जलरंगाच्या चित्रावर संग्रहालयात प्रकाश ठेवतात तो ५० लक्स, लक्स म्हणजे उजेडाचं माप. भर दुपारी आपल्या अंगणात पडतो तो साधारण १,००,००० लक्स.

मी मनात भागाकार केला. दोन हजार पट. आणि मी तीन आठवडे.

“उडालेला रंग परत येतो का?” असं मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. ती म्हणाली, “नाही. प्रकाशाने झालेलं नुकसान साठत जातं. म्हणून आम्ही चित्रं थोडे महिने लावतो आणि मग काढून अंधारात ठेवतो. त्यांचा उजेडाचा कोटा ठरलेला असतो असं समजा.” कोटा हा शब्द ऐकून आजोबा म्हणाले, “रेशनसारखा.” हो, म्हणाली, अगदी रेशनसारखा.

दुपारी खाली दालनात लघुचित्रांचं प्रदर्शन बघितलं. आत काळोख. एक गृहस्थ पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होते, एवढे पैसे घेता आणि लाइट लावत नाही? सकाळी मीही तेच म्हटलं असतं. आता मी भिंतीशी उभी राहून डोळे सरावायची वाट बघितली. दोन-तीन मिनिटांनी काळोखातून आधी सोनं आलं, मग हिरवा, सगळ्यात शेवटी एका बाईच्या ओढणीतला झिरझिरीत पांढरा. मला सावंतवाडीचे हळदणकर आठवले. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२. हातात समई धरून उभ्या असलेल्या बाईचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. अनेकांना ते तैलचित्र वाटतं, अनेक जण ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात, पण आहे जलरंग, आणि रंगवलंय आमच्या माणसाने. दिव्याचा उजेड तिच्या बोटांच्या फटीतून लाल होऊन येतो. ते तिथे अंधाऱ्या खोलीत ठेवलंय म्हणून गर्दी काळोख केल्याचं कौतुक करते, जादू आहे म्हणते. काळोख जादूसाठीही असेल, पण कागदासाठी तो बरा आहे.

त्या हंगामात मी पाच वेळा पलीकडे गेले. सगळं आवडलं असं नाही. दालनातल्या पाट्यांवरचं मराठी वाचून माझा रक्तदाब वाढतो. ‘ही कलाकृती दर्शकास अवकाशाच्या पुनर्विचारासाठी आमंत्रित करते.’ कोणाच्या घरात असं बोलतात? आमंत्रण देतात ते मुंजीचं. आणि व्याख्यानं सगळी संध्याकाळी. वक्ता रंगात यायला लागला की मला लाँचचं भोंगं ऐकू यायला लागतं. त्या वर्षी मी चार व्याख्यानांची सुरुवात ऐकली, शेवट एकाचाही नाही. पुढच्या आठवड्यात भेटलेल्या बायकांना विचारायचं, मग शेवटी काय ठरलं?

पण एकदा जहांगीरला सोमवारी संध्याकाळी पोचले. तिथे प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, हे मी विसरले होते. एका दालनात एक तरुण मुलगा आणि त्याचे वडील चित्रं उतरवत होते. जुन्या साड्या फाडून पट्ट्या केलेल्या, त्यात चित्र गुंडाळायचं, सुतळी बांधायची. वडिलांना काम नवीन नव्हतं, गाठी सराईत होत्या. मी म्हटलं, बघू का? मुलगा म्हणाला, बघा ना, आठ राहिलीत. त्या आठ चित्रांपैकी प्रत्येक मी असं बघितलं की ते पुढच्या मिनिटाला साडीत जाणार आहे. एरवी पन्नास चित्रांसमोरून मी मंडईतून गेल्यासारखी जाते.

रस्त्यापलीकडे सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे २०१९ मध्ये मी प्रभाकर बरव्यांचं मोठं प्रदर्शन बघितलं होतं. बरवे १९३६ सालचे, नागावचे. आमच्या घरून अलिबागला जाताना नागाव लागतं, आता सगळा रस्ता कॉटेज, वॉटरस्पोर्ट आणि ‘घरगुती जेवण मिळेल’च्या पाट्यांचा. त्यांच्या चित्रांत एक घड्याळ असतं, एक पान, एक रिकामा डबा, सुट्टे सुट्टे, मध्ये खूप मोकळी जागा. गोल जिन्यावरून वर चढताना मला वाटलं होतं, ही मोकळी जागा मला माहीत आहे. भरती ओसरल्यावर नागावच्या वाळूवर वस्तू अशाच पडलेल्या असतात, एकमेकींशी काही संबंध नसल्यासारख्या. हा माझा अंदाज. चित्रकाराला विचारता आलं असतं तर त्यांनी बहुतेक हसून विषय बदलला असता.

लाँचने परत येताना मांडवा-अलिबाग रस्त्यावर सासवणे लागतं. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, नानासाहेब, १८९१ मध्ये इथे जन्मले आणि त्यांचं घर आता त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी बघितलं आणि मुलाची जे. जे. स्कूलमध्ये सोय केली. पुढे कलकत्ता, लंडन, आणि पुण्यातला १९२८ चा तो अश्वारूढ शिवाजी. लोकांना तो घोडा माहीत असतो, पण सासवण्याला जाऊन बघण्यासारखी आहेत ती माणसं. हमाल. मत्स्यगंधा. शंख फुंकणारी बाई. अंगणातली म्हैस. प्लॅस्टरची, सिमेंटची. इथे ना काळोख, ना दोरी, ना ‘हात लावू नका’ असं दर दोन पावलांवर. मी गेले तेव्हा एका शाळेची सहल आली होती. दुसरी-तिसरीची मुलं. मास्तर पाठ केलेली माहिती सांगत होते आणि एक पोरगी म्हशीच्या तोंडासमोर मूठभर गवत धरून उभी होती. बराच वेळ. माझ्या माहितीप्रमाणे एवढी प्रामाणिक समीक्षा नानासाहेबांना पद्मश्री मिळाली तेव्हाही कोणी लिहिली नसेल.

माघात आंगणेवाडीच्या जत्रेला माहेरी गेले. जत्रा झाल्यावर भावाला म्हटलं, पिंगुळीला जाऊ. आमच्या घरापासून जेमतेम अर्धा तास, आणि लहानपणी मी ते कधीच ‘कला’ म्हणून बघितलं नव्हतं. ठाकर मंडळी चित्रकथी घेऊन यायची आणि आम्ही ऐकत बसायचो, बस. एकेका कथेची एक पोथी, म्हणजे रामायण-महाभारतातल्या एखाद्या आख्यानाची तीस-चाळीस सुटी चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथा सांगणारा वीणा छेडत एकेक चित्र पुढे करतो, साथीला टाळ आणि हुडूक. सावंतवाडीच्या संस्थानाने या मंडळींना पूर्वी आश्रय दिला होता. मधल्या काळात सिनेमा आला, टीव्ही आला, पोथ्या फडताळात गेल्या. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. चित्रं, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी तिथे पोचले ती डोक्यात ५० लक्स घेऊन. कौलांच्या फटीतून उन्हाची एक तिरीप एका चित्राच्या बरोबर बाजूला पडली होती आणि मी अस्वस्थ. भावाला म्हटलं, यांना कोणीतरी सांगायला हवं. मग कथा सुरू झाली. एक चित्र वर, त्याच्यावर सगळ्यांचे डोळे, ओवी संपली की ते खाली, पालथं. पुढचं वर. प्रत्येक चित्राला मिनिट-दोन मिनिटं उजेड आणि मग पुन्हा काळोख, पोथीच्या पोटात, रुमालात, फडताळात. मी गप्प बसले. माझ्या कार्यशाळेतल्या मुलीने हे बघितलं असतं तर तिने वही काढून लिहून घेतलं असतं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवतात, तिथेही तीच गोष्ट. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं, मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, प्रत्येकाची बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. वर लाखेचा थर, आणि सगळा डाव एका रंगवलेल्या पेटीत, सरकत्या झाकणाखाली. हे कामही बंद पडत आलं होतं, तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ते पुन्हा उभं केलं. आता गिऱ्हाईक ती पानं फ्रेम करून भिंतीवर लावतं. काय करणार, डाव मांडायला माणसं नाहीत.

उलट टोक बघायचं असेल तर परतीच्या वाटेवर राजापूर तालुक्यात कशेळीचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, आहे. जांभ्यात कोरलेला हत्ती, साधारण १८ मीटर लांब, त्याच्या पोटात आणखी जनावरं, मासे. असली कातळशिल्पं कोकणातल्या सड्यांवर ठिकठिकाणी आहेत, २०२२ मध्ये त्यांतल्या काही जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या. वर छप्पर नाही, रखवालदार नाही, लक्सचा हिशोब नाही. दुपारी बाराला गेलो तर काहीच दिसेना. गुराख्याच्या एका पोराने सांगितलं, सांजेक येवा, सावली पडली की दिसतं. थांबलो. साडेपाचला सड्यावर रेषा उठायला लागल्या, सोंड, पाय, शेपूट, जणू आतून कोणी चुना ओढतंय. ऊन दाखवायचं खरं, पण कोणत्या वेळचं, हे त्या पोराला ठाऊक होतं.

फाल्गुनात मी पेटी आणली. कागदाला बाधणार नाही अशा पुठ्ठ्याची, चपटी, चित्रांमध्ये घालायला तसलेच पातळ कागद. दमट हवा वाढायच्या आत काम उरकायचं होतं. एका सकाळी, वारा कोरडा होता तेव्हा, ओटीवर सावलीत चटया टाकल्या आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मांडली. मास्क लावला, ब्रश घेतला. सासरे पेपर वाचता वाचता उठून आले. ते कधी आबांच्या चित्रांबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. एकेका चित्रासमोर थांबत, हात पाठीमागे बांधून, त्यांनी पूर्ण फेरी मारली आणि म्हणाले, “व्याही वेळ लावून काढायचे.” मग शेजारच्या काकू आल्या, त्यांनी दूधवाल्याला बोलावलं. दूधवाल्याने एका होडीकडे बोट दाखवून शीड उलटं बांधलंय म्हणून सांगितलं. काकूंना वस्तुचित्रातले कांदे आवडले. त्या म्हणाल्या, साल सुटलेली बघा कशी. शाळेतून आलेल्या पोरांनी चपला काढल्या, कोणी न सांगता.

आमची मासळीवाली दहा-साडेदहाला येते. तिने पाटी पायरीवर उतरवली आणि वाकून बघितलं. “हात मासलीचं हाईत, लांबूनच बगतंय,” म्हणाली, आणि दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभी राहिली. काही चित्रांवरून नजर सरसर गेली. मग निवतीच्या त्या चित्राशी थांबली, त्या लाल उडून गेलेल्या आभाळाशी. खालचा समुद्र तसाच होता, राखी, त्यात परत येणारी एक होडी. बराच वेळ बघत होती. मी ब्रश खाली ठेवला.

“मिरगाचा आभाल हाय नं ह्यो, वयनी?” ती म्हणाली. “होरी घाईनं येतंय बगा. पाऊस पारवर आलाय.”

चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: निवती, सायंकाळ, १२-११-७४.

“हो,” मी म्हटलं. “मिरगाचंच.”

तिने मान हलवली, पाटी उचलली आणि बांगडा आज बरा आहे म्हणाली. मी आत जाऊन ताट आणलं.